सोडणें आणि टाकणें

मूल वाढविणें आणि पुस्तक लिहिणें या दोन उद्योगांची अखेर एकाच प्रकारच्या प्रसंगानें होते. ज्याच्यासाठीं रात्रीच्या रात्री जागून काढल्या, ज्याच्या बारीकसारीक दुखण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलें, तें एके दिवशीं उंबरठा ओलांडून जातें. आणि पुढें त्याचें काय व्हावें हें ठरविण्याचा अधिकार त्याला घडविणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. मूल कसें वाढवावें हें सांगणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. लेखन कसें करावें हें सांगणारेहि थोडे नाहींत. परंतु वाढविलेलें मूल आणि लिहिलेलें पुस्तक हातांतून सोडावें कसें, हा धडा बहुतेक आईबापांना व बहुतेक लेखकांना ज्याचा त्यालाच गिरवावा लागतो. तो पाठ होईपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो.

या धड्यांतील पहिली अडचण शब्दांची आहे. 'सोडणें' आणि 'टाकणें' हीं दोन क्रियापदें बोलण्यांत इतकीं जवळ जवळ वावरतात कीं, एकाच्या जागीं दुसरें सहज येऊन बसतें. आईबापांना भीति वाटते ती टाकण्याची, आणि त्यांना करावयाचें असतें तें सोडणें. दोहोंतील भेद मनांत स्पष्ट नसला कीं, मुलाला मोकळें करणें म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरविणें असें वाटूं लागतें, आणि मग मायेपोटींच मुलाचा हात घट्ट धरून ठेवला जातो. हा भेद उलगडून दाखविण्यास कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'इतकें चांगलें साधन दुसरें मिळणें कठीण. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून तर कण्व मुनि मराठी कुटुंबांच्या घरच्यासारखे झाले आहेत.

कण्व हे शकुंतलेचे जन्मदाते नव्हत. मेनकेनें टाकलेलें मूल त्यांनीं उचलून वाढविलें. चौथ्या अंकांत तिच्या पाठवणीची वेळ येते, तेव्हां संसारापासून दूर राहिलेल्या त्या तपस्व्याचाहि कंठ दाटून येतो. हें दृश्य पाहून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाच्या नजरेंतून त्याच अंकांतील आणखी एक गोष्ट निसटून जाते. शकुंतलेनें स्वतः एक पोरकें हरिणपाडस धान्य चारून वाढविलें आहे. निघतांना तें तिच्या वस्त्राला धरून तिला मागें ओढतें, आणि तिला तें कण्वांच्या स्वाधीन करून पुढें जावें लागतें. म्हणजे जिला सोडलें जात आहे, तिच्यावरहि त्याच क्षणीं कोणाला तरी सोडण्याची पाळी आलेली आहे. तिची पाठवणी झाल्यावर कण्वांना हलकें वाटतें; दुसऱ्याची ठेव ज्याची त्याला पोंचती करावी तसें समाधान त्यांना लाभतें. मुलगी ही नवऱ्याची ठेव, ही त्या काळची समजूत आज कोणी मान्य करणार नाहीं, आणि करूंहि नये. परंतु ठेवीची उपमा मात्र खरी आहे. मूल ही आईबापांजवळ कांहीं वर्षांपुरती राहिलेली ठेवच होय; फक्त तिचें धनी दुसरें कोणी नसून तें मूल स्वतःच असतें.

याच्या नंतरचा अंक अधिक बोलका आहे. दुर्वासांच्या शापामुळें दुष्यंत शकुंतलेला ओळखीत नाहीं. भर दरबारांत तिचा अव्हेर होतो, आणि तिला पोंचवावयास आलेले कण्वांचे शिष्य तिला तेथेंच ठेवून निघून जातात. ती रडत मागें येऊं लागते, तेव्हां शार्ङ्गरव तिच्यावर संतापतो आणि तिनें कोठें व कसें राहावें हें तिला बजावून वाट धरतो. कण्वांच्या आश्रमांत शकुंतलेला सोडलें होतें. दुष्यंताच्या दरबारांत तिला टाकलें. सोडणारा आपली मालकी काढून घेतो, पण आधार काढून घेत नाहीं. टाकणारा नेमकें उलट करतो. तो आधार तेवढा काढून घेतो आणि हुकूम करण्याचा अधिकार मात्र जपून ठेवतो. 'तुझ्या मनासारखें कर. मात्र पुन्हां या घराची पायरी चढूं नकोस' असें म्हणणारा बाप आपण मुलाला स्वातंत्र्य दिलें अशी स्वतःची समजूत घालतो. वस्तुतः तो शार्ङ्गरवाचीच भूमिका वठवीत असतो.

खरें सोडणें हें एका दिवसाचें काम नव्हे. डॉनल्ड विनिकॉट या लंडनमधील बालरोगतज्ज्ञानें व मनोविश्लेषकानें १९४० नंतरच्या दशकांत बी. बी. सी.वरून आयांसाठीं अनेक भाषणें केलीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : अगदीं तान्ह्या मुलाच्या गरजांशीं आई जवळ जवळ पूर्णपणें एकरूप झालेली असते, पुढें मुलाची सोसण्याची शक्ति जसजशी वाढते, तसतशी ती ही एकरूपता हळूहळू कमी करते. हें मागें सरणें म्हणजे आईची उणीव नसून तिच्या कामाचाच तो भाग आहे. निर्दोष आईची मुलाला गरज नसते. पुरेशी चांगली आई असली म्हणजे झालें. १९५१ सालीं वाचलेल्या व १९५३ सालीं छापलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत त्यानें एका साध्या घरगुती वस्तूकडे लक्ष वेधलें. गोधडीचा कोपरा, आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी, एखादें कापडी खेळणें, यांवांचून कित्येक मुलांना झोंप येत नाहीं. आई आणि बाहेरचें जग यांच्या मधल्या वाटेवरचा तो मुलाचा सोबती असतो. पुढें त्याचें काय होतें? तो कोणी हिसकावून घ्यावा लागत नाहीं, आणि त्याच्यासाठीं मूल शोकहि करीत नाहीं. मुलाचें मन खेळांत, मित्रांत, गोष्टींत, गाण्यांत पसरत जातें, आणि त्या चिंधीचें महत्त्व आपोआप ओसरतें. सोडण्याचा याहून सुंदर नमुना क्वचितच सांपडेल.

आईबापांनाहि हीच वाट घरांतल्या घरांत मिळत असते. घांस भरविणें थांबतें आणि मूल अर्धें अन्न सांडीत स्वतः जेवूं लागतें. रस्ता ओलांडतांना धरलेलें बोट सुटतें. शाळेच्या दप्तरांत रोज डोकावणें बंद होतें. खर्चावयास दिलेल्या पैशांचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. मुलाच्या नांवानें आलेलें पत्र न उघडतां त्याच्या टेबलावर ठेवलें जातें. यांतील प्रत्येक वेळीं थोडेंसें नुकसान होतें. ताटाभोंवतीं सांडतें, गुडघा फुटतो, पैसे भलत्याच वस्तूवर उडतात. पण हें लहान नुकसान ज्या घरांत सोसलें जात नाहीं, त्या घरावर पुढें मोठें नुकसान सोसण्याची पाळी येते. कारण लग्न, व्यवसाय, परगांवचा मुक्काम अशा प्रसंगीं सोडण्याचा सराव नसलेले आईबाप आणि सुटण्याचा सराव नसलेलें मूल एकमेकांसमोर उभें ठाकतात.

लेखकाची स्थिति याहून निराळी आहे. हस्तलिखितावर त्याची सत्ता अनिर्बंध चालते. त्यानें हवें तें खोडावें, हवें तें जाळावें. मुलावर अशी सत्ता कोणाचीच कधींहि नसते. परंतु शेवटचें मुद्रित छापखान्यांत परत गेलें कीं, ही सत्ता एकदम संपते. मुलाच्या बाबतींत जी गोष्ट वीस वर्षें पायरीपायरीनें होत जाते, ती लेखकाला एका दिवसांत सोसावी लागते. त्यानंतर वाचक आपल्या मर्जीप्रमाणें पुस्तक वाचतात. लेखकाला जें पात्र गौण वाटलें त्यावर ते जीव टाकतात, आणि ज्यासाठीं त्यानें रक्त आटविलें तें प्रकरण चाळून पुढें जातात. आर्थर कॉनन डॉयलची गोष्ट या दृष्टीनें बोधप्रद आहे. १८८७ सालीं त्यानें शेरलॉक होम्स जन्माला घातला. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या आहेत असें त्याला वाटे, आणि हा गुप्त पोलिस त्यांच्या आड येत होता. १८९१ सालींच त्यानें होम्सला संपविण्याचा विचार आपल्या आईला पत्रानें कळविला; आईनें विरोध केला. तरी १८९३ च्या डिसेंबरांत छापलेल्या कथेंत त्यानें होम्सचा शेवट केलाच. वाचकांनीं तो मानला नाहीं. १९०१ सालीं 'हाउंड ऑफ दि बास्करव्हिल्स' या कादंबरीच्या निमित्तानें होम्स पुन्हां दिसूं लागला आणि १९०३ मध्यें तो जिवंत असल्याचें लेखकाला जाहीर करावें लागलें. ठार मारणें हाहि ताबा चालविण्याचाच एक प्रकार होता, आणि तो ताबा डॉयलच्या हातीं उरलेला नव्हता. होम्सची मालकी केव्हांच वांटली गेली होती.

पुस्तक सुटलें म्हणजे तें निराधार होतें, अशी मात्र लेखकानें भीति बाळगूं नये. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. पुढें सहाच वर्षांनीं, १२९६ सालीं, ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली. ग्रंथ लोकांच्या हातीं गेला. प्रतीवरून प्रत उतरली जाऊं लागली. नकलकारांच्या चुका शिरल्या, शब्द बदलले, पाठभेद वाढले. ज्यानें हा ग्रंथ सांगितला तो त्याच्या रक्षणाला नव्हता. परंतु सुमारें तीनशें वर्षांनीं पैठणच्या एकनाथांनीं अनेक प्रती मिळवून ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, शुद्ध पाठ सिद्ध केला. यापुढें कोणी आपली ओंवी त्यांत मिसळूं नये, असेंहि त्यांनीं बजावलें. ज्या वाचकांनीं ग्रंथ बिघडविला तेहि त्याचे भक्तच होते, आणि ज्यानें तो सुधारला तोहि त्याचा वाचकच होता. लेखकाच्या पहाऱ्यापेक्षां वाचकाचें प्रेम दीर्घायुषी असतें. लेखकानें पुस्तक सोडावयाचें तें या प्रेमाच्या भरंवशावर.

येथपर्यंत मूल आणि पुस्तक यांच्या वाटा समांतर आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या म्हणजे काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडांत घडलें. ए. ए. मिल्न हा 'पंच' या विनोदी साप्ताहिकांत नांवारूपाला आलेला लेखक आणि यशस्वी नाटककार होता. १९२० सालीं त्याला ख्रिस्तोफर रॉबिन हा मुलगा झाला. हेंच त्याचें एकुलतें एक अपत्य. मुलाच्या पहिल्या वाढदिवशीं घरांत एक कापडी अस्वल आलें. पुढें गाढव, डुकराचें पिल्लूं, कांगारू, वाघ असे आणखी सोबती मिळाले. ससेक्स परगण्यांतील ॲशडाउनच्या रानाजवळ मिल्नचें एक घर होतें. त्या रानाची पार्श्वभूमि, हीं खेळणीं आणि मुलाचें नांव घेऊन मिल्ननें १९२४ ते १९२८ या अवधींत मुलांसाठीं चार पुस्तकें लिहिलीं, ई. एच. शेपर्डनें तीं चित्रांनीं सजविलीं. 'विनी-द-पू' हें अस्वल जगप्रसिद्ध झालें आणि त्याच्याबरोबर ख्रिस्तोफर रॉबिनहि. गंमत अशी कीं, घरांत या मुलाला त्या नांवानें कोणी हांक मारीत नसे. तेथें तो 'बिली' किंवा 'मून' होता. त्याचा सांभाळहि मुख्यतः एका दाईनें केला. लहान मुलांत सहज रमणें वडिलांना साधत नसे, असें त्या मुलानेंच पुढें लिहून ठेवलें आहे. बापाला जी माया खेळून दाखवितां आली नाहीं, ती त्यानें लिहून दाखविली. ती खरी होती यांत शंका नाहीं. पण ती मुलाच्या वांट्याला येण्याआधीं जगाच्या वांट्याला गेली.

मिल्नला हें उमगलें नाहीं असें नव्हे. चौथ्या पुस्तकाच्या शेवटीं पुस्तकांतला मुलगा शाळेंत जाण्याआधीं आपल्या अस्वलाचा निरोप घेतो, आणि तेथें बापानेंहि आपली लेखणी थांबविली. मुलाला मिळणारी प्रसिद्धि त्याला खटकूं लागली होती. १९२८ नंतर त्या मालिकेंतील पुस्तक त्यानें पुन्हां लिहिलें नाहीं. लोकप्रियतेच्या शिखरावर असतां लेखकानें हात आंवरणें ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्याला पुढचीं पुस्तकें थांबवितां आलीं. छापून गेलेलीं परत बोलावतां आलीं नाहींत. मुलगा नऊ वर्षांचा होऊन वसतिशाळेंत गेला. पुढें थोरल्या शाळेंत त्याच्या शेजारच्या खोलींतील मुलें त्या कवितांची ग्रामोफोनची तबकडी पुन्हां पुन्हां वाजवून त्याला छळीत. दुसऱ्या महायुद्धांत तो सैन्यांत गेला आणि १९४४ सालीं इटलींत जखमी झाला. युद्धानंतर काम शोधीत हिंडतांना, वडिलांचें यश आपल्या बालपणावर उभें आहे या विचारानें त्याचें मन कडवट होत असे. १९५१ सालीं त्यानें डार्टमथ या गांवीं पुस्तकांचें दुकान काढलें. वडिलांचें व त्याचें जाणेंयेणें विरळ होत गेलें. १९५६ सालीं मिल्न वारला. १९७४ सालीं त्या मुलानें स्वतःच्या बालपणाची हकीकत स्वतः लिहून प्रसिद्ध केली, आणि त्या लेखनानें वडिलांचें व त्या पुस्तकांतल्या मुलाचें, असें दोघांचेंहि ओझें आपल्या मनावरून उतरलें, असें त्यानें पुढें नमूद केलें. वडिलांना जें करतां आलें नाहीं, तें शेवटीं मुलाला आपल्या हातानें करावें लागलें.

त्या खेळण्यांचें पुढें काय झालें, हेंहि पाहण्यासारखें आहे. सामान्य घरांत अशीं खेळणीं माळ्यावर जातात, त्यांच्या शिवणी उसवतात, आणि तीं केव्हां नाहींशीं झालीं हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. विनिकॉटनें वर्णिलेला शेवट तो हाच. मिल्ननें पूला अमर करून ठेवलें, असा उल्लेख विनिकॉटनेंहि १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत केला आहे. पण खेळण्याला अमरत्व लाभलें कीं, मुलाला तें निवांतपणें विसरतां येत नाहीं. सारें जग तें त्याच्यापुढें पुन्हां पुन्हां आणून ठेवतें. १९४७ सालीं हीं खेळणीं अमेरिकेंत गेलीं. कित्येक वर्षें तीं तेथील प्रकाशकाजवळ होतीं, आणि १९८७ सालीं न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देण्यांत आलीं. तीं परदेशीं कांचेच्या कपाटांत राहिलीं याचें ख्रिस्तोफरला फारसें दुःख नव्हतें. आपल्याला आज जें आवडतें तें आपल्या भोंवतीं असावें, एवढीच त्याची इच्छा होती. जगाला तें बालपण हवें होतें; ज्याचें तें होतें त्याला मात्र त्यांतून मोठें व्हावयाचें होतें.

मिल्नच्या घरची ही अडचण त्या काळीं एखाद्याच कुटुंबावर येत असे. आज ती घरोघर आली आहे. हातांतल्या दूरध्वनियंत्रानें मुलाचें पहिलें पाऊल, आजारपण, फजिती, परीक्षेचे गुण, सारें टिपलें जातें आणि क्षणार्धांत चारचौघांच्या हवालीं होतें. प्रत्येक आईबाप आपल्या मुलाच्या चरित्राचे लेखक झाले आहेत, आणि त्या चरित्राच्या नायकाची संमति घेण्याइतकें त्याचें वय झालेलें नाहीं. हेतु प्रेमाचाच असतो. मिल्नचाहि तोच होता. म्हणून या बाबतींत हेतूची परीक्षा घेण्यांत अर्थ नाहीं. परीक्षा घ्यावयाची ती एका साध्या प्रश्नानें : हें मूल वीस वर्षांचें होऊन समोर उभें राहिलें, तर ही गोष्ट आपल्याला अशीच चारचौघांत सांगतां येईल काय? ज्या गोष्टीला होकार देतां येत नाहीं, ती घरांतल्या घरांत आठवणींत ठेवावी. ती सांगावयाची कीं नाहीं हें ठरविण्याचा हक्क मुलाचा आहे, आणि तो त्याच्यासाठीं राखून ठेवणें हीहि ठेव सांभाळण्याचीच एक रीत आहे.

पुस्तक आणि मूल यांना सोडण्यांत जो खरा फरक आहे तो येथें दिसतो. पुस्तकाला घडविणाऱ्यानें तें पूर्ण करून सोडावें लागतें. शेवटचा कानामात्रा दुरुस्त होईपर्यंत त्यानें तें हातचें जाऊं देऊं नये, आणि एकदां गेल्यावर त्याच्यामागें समजूत घालीत धांवूं नये. मुलाला मात्र तें पुरें होण्याआधींच सोडावें लागतें, कारण त्याला पुरें करण्याचें काम आईबापांचें नसतें. पुस्तक परत येत नाहीं, म्हणून लेखकाला दार लावून नव्या कामाला लागतां येतें. मूल परत येतें. कधीं हरून येतें, कधीं नुसतेंच चार दिवस राहावयास येतें, आणि कधीं असे कांहीं विचार घेऊन येतें कीं ते या घरांत पूर्वीं कोणी बोललेले नसतात. त्याच्यासाठीं दार लोटलेलें असावें, पण आंतून कडी नसावी. आंत आल्यावर त्यानें किती वेळ बसावें आणि आपल्या आयुष्यांतलें किती सांगावें, हें त्याचें त्यानें ठरवावें. आईबापांकडे शेवटीं एवढेंच काम उरतें, आणि तें त्यांच्या सबंध आयुष्याला पुरून उरतें.